दोन मिलीमीटर

लक्ष्मीनारायण येमूल सोलापूरच्या बाहेर
माझ्या माहितीत तीनदाच पडला:
एकदा मेव्हण्याच्या लग्नाला सिकंदराबाद, दोनदा तिरुपती.
पण ऑस्ट्रियातल्या एका खोऱ्यात
सकाळची तिसरी गाडी कुठल्या स्टेशनात
समोरच्या गाडीसाठी चार मिनिटं उभी राहते,
ते तो तोंडातली विडी न काढता सांगतो.

वेळापत्रक त्याला खोक्यात मिळालं.
टॉवेलचा माल नापास होऊन परत आला होता,
मोकळ्या जागेत चुरगळून कोंबलेले कागद.
शेठ मालावर ओरडत बसले,
ह्यानं कागद मांडीवर घेऊन सरळ केले.

अशोक चौकात जेकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायचं त्याचं काम.
भोक असलं की धागा वर,
कोरं असलं की खाली.
जर्मन येत नाही, पण नक्षी येते बे, म्हणाला,
हे बघ, रविवारी दोन धागे कमी.
आतून बायको कुणाला तरी सांगत होती,
आली ह्यांची रैलुबंडी.

पत्रं मी लिहायचो.
पार्सल ऑफिसात छत्तीस वर्षं काढलेली,
इंग्रजी होतं ते तेवढंच:
फुटलेलं, गळतंय, धनी सापडत नाही.
तेवढ्यावर त्या स्टेशनच्या पत्त्यावर एक पत्र गेलं
आणि अडीच महिन्यांनी उत्तर आलं.
आलोईस नावाचा माणूस, रिटायर ड्रायव्हर.
पहिलाच प्रश्न: तुमच्या रुळांची रुंदी काय?

येमूलनं कुर्डुवाडीची लहान गाडी सांगितली,
अडीच फूट, म्हणजे सातशे बासष्ट.
तिकडून आलं: आमची सातशे साठ.

त्या रात्री तो झोपला नाही.
दोन मिलीमीटर!
वीस नंबरच्या सुताचे शेजारी शेजारी दहा धागे.
एवढी ढिलाई तर कुठल्याही चादरीत असते, म्हणाला,
आपलं इंजिन तिकडं चालंल की रे.
कारखान्यातले माग थांबलेले, लाईट गेलेली,
आणि हा अंधारात दोन बोटं जवळ आणून
मधली फट मला दाखवत होता.

मग एका पत्रात आलोईसनं विचारलं,
ती लहान गाडी आता कशी आहे?

आम्ही मे महिन्यात पॅसेंजरनं कुर्डुवाडीला गेलो.
सगळीकडे मोठी लाईन.
लहान गाडी बंद होऊन बरीच वर्षं झालेली.
आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही.
पण ती बंद झाली त्या वर्षी
येमूल स्विस बोगद्यांची लांबी पाठ करत होता
आणि मी त्याची परीक्षा घेत होतो.
नळावर पाणी प्यालो. पाणी गरम होतं.
परतीच्या गाडीत तो मोहोळपर्यंत बोलला नाही.

घरी आल्यावर म्हणाला, लिही.
सुटते. सात मिनिटं उशिरा.
माझं पेन थांबलं.
उभ्या नोकरीत मी एक खोटी पावती फाडली नव्हती.
तो पुठ्ठ्यावर भोक पाडत राहिला, मान वर न करता.
मी सात मिनिटं लिहिली.
त्यानंतर नऊ वर्षं लिहितोय.

तिकडूनही येतं:
गाडी वेळेवर, पुलाला नवा रंग दिला,
बर्फ यंदा उशिरा.
गेल्या पत्रात फोटो होता.
आलोईस फलाटावर, काठी टेकून.
भिंग लावलं तेव्हा कोपऱ्यात बसथांब्याची पाटी दिसली
आणि रुळांमध्ये गवत, घोट्यापर्यंत.
मी येमूलकडे बघितलं.
त्यानं भिंग पुसलं, डबीत ठेवलं.
घोट्याएवढ्या गवतातनं गाडी जाते, म्हणाला.

आज पुन्हा बसलोय.
शेंगाची चटणी, कडक भाकरी, कोरा कागद.
होटगीकडून मालगाडी येतेय, लांबलचक, सिमेंटची;
तो डबे मोजत नाही, कधीच मोजले नाहीत.
ती जाऊ दिली, मग म्हणाला,
सात नको, पाच मिनिटं लिही.
नवा ड्रायव्हर आलाय.
पोरगा बरा आहे.